एक डोळा झाकून बघा

माझ्या भाचीच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली म्हणून आम्हाला कळलं, नाहीतर लग्नाच्या वयापर्यंत कळलं नसतं. चौथीत होती ती. डोळा एवढा सुजला की मिटूनच गेला, आणि सकाळी उठून मोरीकडे जाताना पोरगी दाराच्या चौकटीला जाऊन थडकली. बहिणीला वाटलं झोपेत आहे. मग ताटातली चटणी कुठली आणि लोणचं कुठलं तेपण कळेना, तेव्हा बहीण घाबरली, म्हणाली, "अगं डावा डोळा उघडा हाय की तुझा!" तर पोरगी एकदम शांतपणे म्हणते, "त्यानं असंच दिसतंय, आधीपासनं."

आधीपासनं. नऊ वर्षांची झाली तरी तिला वाटत होतं सगळ्यांचं असंच असतं, एक डोळा बघायचा आणि एक नुसता जोडीला. आणि तिनं तक्रार तरी कशाची करायची हो, तिनं दुसरं काही कधी बघितलंच नव्हतं. फळ्यावरचं वाचत होती, वहीत लिहीत होती, अक्षर तर वर्गात सगळ्यात चांगलं. शाळेच्या हेल्थ कार्डावर तीन वर्षं ओळीनं 'नॉर्मल' लिहिलेलं आहे. ते कोणी मुद्दाम खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिकडचं वाच म्हटलं की ती घडाघडा वाचायची, कारण उजवा डोळा छान आहे तिचा. तीन वर्षांत एकदाही कोणी एक डोळा झाकून बघितलं नाही एवढंच झालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी आधीच सांगून टाकतो. पहिलीत नाव घातल्यावर पहिल्या महिन्यात, शाळेतच, प्रत्येक पोराचा एकेक डोळा झाकून नजर तपासली पाहिजे, आणि त्याचा निकाल पोराच्या आईला वाचता येईल अशा भाषेत तिच्या हातात पडला पाहिजे. तिसरीत नको, सातवीत तर नकोच नको.

पहिलीतच का, ह्याचं कारण डोळ्यापेक्षा मेंदूत जास्त आहे. ज्याला डॉक्टर लोक लेझी आय म्हणतात त्यात डोळा बाहेरून चांगला दिसतो, आतून पण बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा खूप जास्त असेल, किंवा डोळा तिरळा असेल, किंवा जन्मतः मोतीबिंदू असेल, तर त्या डोळ्याकडून मेंदूला अंधुक चित्र जातं आणि मेंदू सरळ दुसऱ्या डोळ्याचं चित्र घेऊन काम भागवतो. पुढं पुढं तो ह्या डोळ्याचं ऐकायचंच सोडतो. ह्युबेल आणि वीझल ह्या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून बंद ठेवला आणि मग उघडला, तर डोळा धडधाकट असूनही मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला दाद देईनात. मोठ्या मांजरावर तेच केलं तर काही बिघडलं नाही. ह्या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. माणसाच्या पोराला मांजरापेक्षा पुष्कळ जास्त मुदत मिळते, साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, पण मुदत आहेच. त्याच्या आत चष्मा लावला आणि चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावलं तर तो शिकतो. उशीर झाला की नुसत्या चष्म्यानं भागत नाही, काच कितीही चांगली घाला.

शंभर पोरांत दोन-तीन असतात अशी. म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत आहेत, आत्ता, पहिल्या बाकावरसुद्धा असतील.

आमच्या इकडं आणखी एक गंमत बघायला मिळते, गंमत कसली म्हणा. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आहे, त्यामुळं खानापूर, बेळगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात पहाटे पाचला रस्त्यावर या, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. दोन-दोन वर्षं पळतात, दूध-अंडी खातात, रनिंग काढतात, आणि मेडिकलला डोळ्यात बाद होतात. माझ्या ओळखीत दोघं आहेत. त्यांना तिथं पहिल्यांदा कळलं की एका डोळ्यानं दिसत नाही. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसानं त्यांचा एक डोळा झाकून बघितला तो अठराव्या वर्षी, आणि तोपण त्यांना बाद करायला. हेच सहाव्या वर्षी कोणी बघितलं असतं तर?

आता लोक म्हणतात योजना आहे की. आहे, नाही कोण म्हणतं. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि त्यात शाळेतल्या पोरांचे डोळे तपासून फुकट चष्मा द्यायची सोय पण आहे. पण त्याचा भर कुठल्या वयावर होता, तर दहा ते चौदा, म्हणजे पाचवीच्या पुढची पोरं. त्याला कारणही होतं, लांबचं न दिसण्याचा चष्म्याचा नंबर बहुतेक त्याच वयात येतो आणि फळा दिसत नाही म्हणून पोरं मागं पडतात. त्या कामासाठी ते वय बरोबर होतं. पण लेझी आयच्या हिशोबानं दहाव्या वर्षी जाणं म्हणजे एस.टी. निघून गेल्यावर स्टँडवर पोचणं. मग २०१३ ला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं, अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा तपासायची. कागदावर उत्तम. पण गाडीतनं येतात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट, आणि त्यांनी बघायचे तीस प्रकारचे आजार, हृदयापासून दातापर्यंत, त्यात डोळे एक. दिवसभरात शाळा उरकून पुढच्या गावाला जायचं असतं. त्या टीमला मी दोष देणार नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीपण दोन्ही डोळे उघडे ठेवूनच वाचून घेतलं असतं.

आणि हा कार्यक्रम सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे, हे आपल्या शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. टिळकवाडीत, शहापुरात, अनगोळात राहणारी आपली मंडळी मराठी शाळा सोडून पोरांना इंग्लिश मीडियमच्या एलकेजीत घालतात, वर्षाला चाळीस-पन्नास हजार भरतात, आणि समजतात की इथं सगळं होत असणार. तिथं सरकारी टीम येतच नाही. शाळेनं स्वतः कॅम्प घेतला तर घेतला, नाहीतर फॅन्सी ड्रेस आणि ॲन्युअल डे. म्हणजे खानापूरच्या जंगलातल्या पोराला निदान 'नॉर्मल' लिहिलेलं कार्ड तरी मिळतं, ह्यांना तेपण नाही.

मोबाइलबद्दल पण एक सांगतो, कारण हा विषय काढला की दर घरात तेच ऐकायला मिळतं, मोबाइल बघून बघून डोळे गेले. लांबचा नंबर वाढण्यात जवळचं सारखं बघणं आणि उन्हात न खेळणं ह्यांचा हात आहे, ते खरं आहे. पण लेझी आय मोबाइलनं येत नाही. माझ्या बहिणीनं वर्षभर स्वतःला आणि पोरीला ह्याच कारणावरनं बोलून घेतलं, तिच्या घरात तर रेंजसुद्धा धड येत नाही.

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी उपाय सुचवला की नाव घालताना जन्मदाखला, आधार मागता तसं डोळ्यांचं सर्टिफिकेट पण मागा, कंपल्सरी करून टाका. ऐकायला बरं वाटतं, पण मी ह्याच्या विरोधात आहे. आपल्याकडं सर्टिफिकेट म्हटलं की ते कुठं मिळतं आणि कितीला मिळतं हा प्रश्न आधी येतो. एप्रिल-मे मध्ये बेळगावात, निपाणीत, चिकोडीत चष्म्याच्या दुकानाबाहेर 'शाळा प्रवेशासाठी डोळे तपासणी' असे बोर्ड लागतील, कम्प्युटरवर हनुवटी टेकवली की कागद हातात. पाच-सहा वर्षांच्या पोराचा नंबर त्या मशीनवर नुसता काढला तर चुकू शकतो, कारण पोरं डोळ्यावर ताण देऊन फोकस बदलतात, म्हणून तर डॉक्टर आधी औषध घालून बाहुली मोठी करतात आणि मग नंबर काढतात. आणि ज्या आईकडं सर्टिफिकेट नसेल तिच्या पोराला शाळेनं दारातनं परत पाठवायचं का? त्यापेक्षा पोराला आधी आत घ्या आणि मग शाळेतच बघा.

शाळेत बघायला लागतं तरी काय. सहा मीटरची दोरी, भिंतीला चार्ट, आणि डोळा झाकायला पुठ्ठ्याचा तुकडा. हात लावून झाकू देऊ नका, पोरं बोटांच्या फटीतनं बघतात, आणि ती लबाडी नसते हो, त्यांना वाटतं ही परीक्षा आहे आणि आपल्याला पास व्हायचंय. चार्ट इंग्लिश अक्षरांचा नको आणि मराठीचा पण नको, कानडीचा पण नको, पहिलीतल्या पोराला अजून कुठलंच अक्षर धड येत नाही. त्याच्यासाठी तो उलटासुलटा फिरवलेला 'ई' असतो, तीन पायांच्या टेबलासारखा, पाय कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. डावं-उजवं सांगायला लावू नका, मोठ्यांनाच येत नाही. रांगेत उभं केलं की मागची पोरं पुढच्याचं बघून पाठ करतात म्हणून एकेकाला आत बोलवा. आणि एक बारीक गोष्ट, जी मला भाचीच्या डॉक्टरांनी सांगितली तेव्हा पटली. एकटं अक्षर दाखवलं तर लेझी आयवालं पोर पुष्कळदा ओळखतं, तेच ओळीत चार अक्षरं शेजारी शेजारी आली की त्याची गर्दी होते आणि घोटाळा होतो. म्हणून ओळ दाखवायची, किंवा अक्षराभोवती चौकट काढलेलं कार्ड. चार्टवर जिच्यापुढं 6/9 लिहिलेलं असतं ती ओळ कुठल्याही एका डोळ्यानं आली नाही, किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक पडला, तर पोराला डॉक्टरकडं पाठवायचं. शिक्षकानं निदान करायचं नाहीये, नुसतं चाळायचंय, जसं तांदूळ चाळतो तसं.

शिक्षक म्हणतील, आमच्यावर आणखी एक काम. त्यांचा राग बरोबर आहे. इलेक्शन आलं की शिक्षक, मतदारयादी आली की शिक्षक, २०२५ च्या सर्व्हेत घरोघर फिरले ते शिक्षक, अंडी किती उकडली आणि दूध किती वाटलं त्याचा हिशोब पण शिक्षक. आणि आपल्या मराठी शाळांत कुठं एक, कुठं दोन माणसं पाच वर्ग सांभाळतात. पण ह्या कामाचा हिशोब करा. खेड्यातल्या मराठी शाळेत पहिलीला किती पोरं असतात, दहा? बारा? एका पोराला पाच मिनिटं धरा, तासाभराचं काम, वर्षातनं एकदा. पट कमी झाल्याचं दुःख आपण दर वर्षी करतो, तर ह्या एका कामात तरी तो कमी पट उपयोगाला येऊ दे. आणि शिक्षकांना नसेल जमत तर अंगणवाडीच्या बाई आहेत, आशा आहेत, जीवनसत्त्व अ चे डोस त्याच पाजतात. इंग्लंडमध्ये चार-पाच वर्षांच्या वयात शाळेत बसतानाच हे करतात. आंध्रनं २०१९ मध्ये डोळ्यांची मोहीम काढली ती शाळेतल्या पोरांपासनंच सुरू केली. आपल्याला नाही जमणार असं काही नाही.

खरी गाडी अडते ती पुढं, आणि ती अडते चिठ्ठीवर.

आमच्या बहिणीच्या शेजारी एक पोरगा आहे, त्याला अंगणवाडीतल्या तपासणीत टीमनं बरोबर पकडलं होतं. चिठ्ठी पण दिली होती पुढच्या तपासणीला. ती चिठ्ठी दोन वर्षांनी सापडली, रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, घडी करून नीट ठेवलेली. कानडीत होती आणि मधेमधे इंग्लिश शब्द. त्याची आई मराठी शाळेत सातवी शिकलेली, तिला वाटलं डोस दिल्याचा कागद असेल, जपून ठेवावा. जपून ठेवला तिनं.

मी कानडीच्या विरोधात बोलत नाहीये, मला लिहिता-वाचता येतं आणि आमच्याकडं अर्धा बाजार कानडीतच होतो. त्या टीममधली एक डॉक्टर धारवाडकडची होती, तिनं पोरांना ई दाखवून विचारलं "याव कडे?" तर पोरांनी बरोबर हात केला, कारण कडे म्हणजे कडे, आपल्या कुणीकडे मधलाच. बोलण्यात अडत नाही हो, लिहिलेल्यात अडतं. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत पण द्यावेत हा मुद्दा आपण कित्येक वर्षं मांडतोय, बोर्डासाठी, सातबाऱ्यासाठी, बसवरच्या पाट्यांसाठी, मोर्चे निघाले, लाठ्या खाल्ल्या. पोरांच्या हेल्थ कार्डासाठी एकदा तरी मागणी केली का? मला तरी आठवत नाही. बसवरची पाटी वाचता आली नाही तर माणूस कंडक्टरला विचारतो. ही चिठ्ठी वाचता आली नाही तर कोणाला विचारणार, विचारायचं असतं हेच त्या आईला माहीत नव्हतं. आणि हे इकडंच आहे असं नाही, तिकडं महाराष्ट्रात जत तालुक्यात, अक्कलकोटात कानडी बोलणाऱ्या आया आहेत, त्यांच्या हातात मराठी कागद पडतो, त्यांची पण तीच गत होत असणार. दोन्हीकडं दोन्ही भाषांत छापा, चार ओळींचा तर मजकूर आहे.

२०२३ ला महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली जन आरोग्य योजना लागू केली, त्यावरनं इकडं केवढा गदारोळ झाला. योजना चांगलीच आहे, पण ती ऑपरेशनला, ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाला उपयोगी. सहा वर्षांच्या पोराचा डोळा झाकून बघायला कुठल्या राज्याची योजना लागत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्या वर्षी जन्मलेली पोरं भरतीच्या वयाची होऊन गेली. कोर्टाला तारखा घालता येतात, डोळ्याला येत नाहीत, आणि हे मी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या घरातला माणूस म्हणून सांगतो, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत लहानपणापासून चाललोय.

बरं, चिठ्ठी वाचली, मग जायचं कुठं? तालुक्याच्या दवाखान्यात डोळ्याचं बघणारा माणूस कधी असतो, कधी नसतो, मग बेळगावचं सिव्हिल, नाहीतर मिरज-कोल्हापूर. शक्ती योजना आल्यापासून आई आणि पोरीला राज्यातल्या राज्यात बस फुकट आहे, ते फार मोठं काम झालंय, मान्य करायला पाहिजे. पण बस फुकट असली तरी दिवस फुकट नसतो. निपाणीत बिडी वळणारी बाई, खानापुरात वीटभट्टीवर जाणारी बाई, वडगावात मागावर बसणारी, तिचा त्या दिवसाचा रोज गेला. आणि जूनमध्ये तपासून जुलैमध्ये या म्हणालात तर रोप लावणीत कोण येणार, वर पाऊस एवढा की जांबोटी-कणकुंबीकडं आठवडा-आठवडा शाळेला सुट्टी. बाजारादिवशी तालुक्याच्या गावी डोळ्यांचा डॉक्टर बसवा, बाई तशीपण बाजाराला येतेच. आणि नाही आली तर तिच्या घरी जा. पोलिओचा एक डोस चुकला तर बोटाची शाई बघत घर शोधत यायचे की नाही? शेवटची केस २०११ ला सापडली आणि २०१४ ला देश पोलिओमुक्त झाला, तो असंच दारोदार फिरून. डोळ्यासाठी तेवढं नको, दर शाळेला एक-दोन घरं असतात.

पट्टीचं तर विचारूच नका. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली की पोराला नीट दिसत नाही, मग ते रडतं, आणि शाळेत बाकीची चिडवतात. पोरीला चष्मा लावला तर आजी म्हणते आत्तापासनं कशाला, पुढं स्थळं यायची आहेत. तिरळं असेल तर म्हणतात मोठं झालं की जातंय. नाही जात. एक चांगली गोष्ट आहे, अमेरिकेत २००३ ला एक मोठा अभ्यास झाला, त्यात सात वर्षांच्या आतल्या, मध्यम स्वरूपाचा लेझी आय असलेल्या मुलांना रोज दोन तास पट्टी आणि सहा तास पट्टी ह्यांत काही फरक पडला नाही. दोन तास म्हणजे घरी टीव्ही बघताना होऊन जातात, शाळेत लावायची गरजच नाही. किती लावायची ते डॉक्टर ठरवतील, पण सहाव्या वर्षी सापडलं तर निदान हे एवढ्यात भागायची शक्यता असते. आमची नवव्या वर्षी सापडली. उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं, त्या वयात पण बऱ्याच पोरांना थोडाफार फरक पडतो, आमच्या पोरीलाही पडला, दीड वर्ष पट्टी लावून चार्टवरच्या दोन ओळी जास्त वाचते. सुईत दोरा मात्र अजून आईकडनं ओवून घेते.

ह्या जूनमध्ये मी चार्ट आणि दोरी घेऊन बहिणीच्या गावातल्या शाळेत गेलो होतो. तिथल्या सरांना पटलं, चहा पण दिला, पण वरनं परवानगी पाहिजे म्हणाले, बाहेरच्या माणसानं पोरांना तपासायचं म्हणजे त्यांचीपण अडचण आहे. अर्ज दिलाय. तोवर रविवारी बहिणीच्या सोप्यात चार्ट लावला, डोळा झाकायचा पुठ्ठा भाचीनंच कापून दिला आणि पोरांना बोलवायचं काम पण तिनंच केलं. अकरा पोरं आली. दहा जणांनी धडाधड हात केले. एक साडेपाच वर्षांचा, डावा झाकला तर बसून राहिला, उजवा झाकला की परत सगळं बरोबर. आई म्हणाली, कंटाळलंय ते. भाचीनं त्याच्या डोळ्यावरचा पुठ्ठा काढला, परत लावला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, हा कंटाळला नाही." बाजारादिवशी सकाळच्या बसनं जाणार आहेत, मी पण जातोय बरोबर.